कुणाकडून घेतलं ते सांगायला काय हरकत आहे?

गेल्या वर्षी मी क्रोशाचा एक छोटा हत्ती डिझाइन केला होता, तळहातावर मावेल एवढाच, आणि त्याचा पॅटर्न लिहून सगळ्यांना फुकट दिला होता. त्या पॅटर्नमध्ये एक चूक राहून गेली होती. चौदाव्या राऊंडमध्ये टाके कमी करताना दोन जोड्या एकमेकींच्या शेजारीच आल्या, खरं तर त्या समान अंतरावर यायला हव्या होत्या, आणि त्यामुळे हत्तीचं डोकं किंचित डावीकडे कललेलं दिसतं, कान देऊन काहीतरी ऐकतोय असं वाटतं. मला ते इतकं गोड वाटलं की मी उसवलं नाही, तसंच ठेवलं. मग काही महिन्यांनी एका प्रदर्शनात फिरताना एका टेबलावर ओळीने बारा हत्ती मांडलेले दिसले, रंग वेगवेगळे, गळ्यात रिबिनी, आणि बाराच्या बारा डोकी डावीकडे कललेली. शेजारी एक कार्ड उभं केलं होतं, त्यावर लिहिलं होतं 'ओरिजिनल डिझाइन'.

तिथे उभी असताना मला नक्की कशाचा राग आला हे समजायला बरेच दिवस लागले. हत्ती विकायला ठेवले याचा नव्हता, कारण पॅटर्नच्या खाली मीच लिहिलं होतं की करा, भेट द्या, विकावेसे वाटले तर विका, फक्त नाव सांगा. राग आला तो कार्डावरच्या त्या दोन शब्दांचा. म्हणजे सगळं फुकट दिल्यावर मी मागितलेली एकच गोष्ट होती आणि नेमकी तेवढीच गाळली होती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं असं आहे की हस्तकलेत एकमेकांचं बघून करणं याला चोरी म्हणणं चूक आहे, आपण सगळे तसेच शिकलोय, पण कुणाकडून घेतलं ते लपवणं हे चुकीचंच आहे, कायदा काहीही म्हणो.

आधी बघून करण्याबद्दल बोलते, कारण हल्ली कुणी कुणासारखं काही केलं की लगेच 'कॉपी केली' असा आरडाओरडा होतो आणि त्यात फार नुकसान होतंय.

माझ्या आईची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, आणि पानापानावर विणकामाचे चौकोन टाचलेले, प्रत्येक वीस-बावीस टाक्यांचा असेल. वही उघडली की ती पूर्ण मिटत नाही, मध्ये लोकर आहे ना. प्रत्येक चौकोनाखाली निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलंय. 'केबल, सहा टाक्यांची, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून.' 'जाळी, मावशीने दाखवली.' 'उलट-सुलट चौकडा, शाळेतल्या बाईंनी शिकवला.' आणि एका ठिकाणी, 'पानांचा नमुना, ट्रेनमध्ये समोर बसलेल्या बाईंच्या स्वेटरवरून मोजला, नाव विचारायचं राहिलं.' हे शेवटचं वाचलं की मला दरवेळी भरून येतं. आईने त्या नमुन्याचे कुणाला पैसे दिले नाहीत, परवानगी मागितली नाही, समोरच्या बाईंच्या बाहीवरचे टाके मोजून घरी येऊन विणले, म्हणजे आजच्या भाषेत सरळसरळ कॉपी, पण नाव विचारायचं राहिलं याची रुखरुख तिने वहीत लिहून ठेवली. आईला कुणी हा नियम शिकवला नव्हता. तिच्या बरोबरीच्या सगळ्याच बायका असंच करायच्या, नमुना सांगताना कुणाकडून आला तेही सांगायच्या, तो नमुन्याचाच भाग होता.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. युरोपात बायका असल्या नोंदी कापडावर ठेवायच्या, एका लांबट कापडावर वेगवेगळे टाके आणि नक्ष्या भरून ठेवायच्या म्हणजे पुढे लागेल तेव्हा बघून करता येईल, त्यालाच सँपलर म्हणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १५९८ सालचा एक सँपलर आहे, जेन बोस्टॉक हिने भरलेला, तारीख घातलेल्या ब्रिटिश सँपलर्सपैकी टिकून राहिलेला सगळ्यात जुना तोच. त्याच्याही आधी, १५२३ च्या सुमारास, जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये योहान शॉन्स्पर्गर नावाच्या मुद्रकाने भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. ती पुस्तकं कशी वापरायचे बघा, पानावरच्या रेघेवर सुईने टोचून टोचून भोकं पाडायची, ते पान कापडावर ठेवायचं आणि वरून कोळशाची पूड घासायची, की ठिपक्याठिपक्यांनी नक्षी कापडावर उतरते. ज्यांनी खाका टोचून डिझाइन छापलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. त्यामुळे ती पुस्तकं आज फार कमी उरलीत, वापरून वापरूनच चिंध्या झाल्या त्यांच्या. म्हणजे पुस्तकच मुळी कॉपी करायला काढलेलं होतं. पुढे १५८७ मध्ये फेदेरिको विंचोलोचं लेसच्या नमुन्यांचं पुस्तक पॅरिसला निघालं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि या मुद्रकांमध्येही एकाचे नमुने दुसऱ्याने उचलून आपल्या पुस्तकात घालणं सर्रास चालायचं. पाचशे वर्षं हा वाद चालू आहे म्हणा ना.

त्यामुळे कुणी मला सांगायला लागलं की अमुक टाका माझा आहे, तमुक टेक्निक मी शोधलंय, की मी जरा थांबून विचार करते. सुई, हुक, दोरा आणि दोन हात, यातून जे जे होऊ शकतं ते जगात कुठेतरी कुणीतरी आधी करून बघितलेलं असण्याचीच शक्यता जास्त. एलिझाबेथ झिमरमन म्हणून विणकामातल्या फार मोठ्या शिक्षिका होऊन गेल्या, त्यांनी स्वेटर विणायच्या कितीतरी सोप्या पद्धती लोकांना दिल्या, पण मी हे 'इन्व्हेंट' केलं असं त्या म्हणायच्या नाहीत. त्यांनी स्वतःचाच एक शब्द केला होता, 'अनव्हेंट'. म्हणजे हे आधी कुणीतरी केलेलं असणारच, मला फक्त ते पुन्हा सापडलं. एवढ्या मोठ्या बाईने एवढं मोकळेपणाने म्हणावं आणि आपण साध्या मॅजिक रिंगवर, म्हणजे क्रोशाचं गोल काम सुरू करायच्या फाशावर, हक्क सांगत बसायचं, हे मला पटत नाही.

आणि हक्क सांगत बसल्याने काय होतं ते मी जवळून बघितलंय. माझ्याकडे एक मुलगी शिकायला यायची, जाड दोरीवर लोकर गुंडाळून ती दोरी कमानीसारखी वाकवून इंद्रधनुष्य करतात ना, ते तिने केलं. पहिलंच काम तिचं, रंग इतके छान लावले होते, फिकट जांभळ्यापासून सुरुवात करून. तिने ते चार लोकांना दाखवलं आणि एका अनुभवी बाईंनी सगळ्यांसमोर तिला झापलं की हे माझं डिझाइन आहे, मी तीन वर्षांपासून विकतेय, तू चोरलंस. आता दोरीला लोकर गुंडाळून कमान करणं हे शेकडो जण करतात, त्या बाईंनीही कुठेतरी बघूनच केलं असणार. त्या मुलीने त्यानंतर कुणाला काही दाखवलंच नाही, क्लासलाही यायची बंद झाली. दोन वेळा फोन केला मी, 'ताई, मला नको आता ते' एवढंच म्हणाली. हे मला हत्तीच्या प्रकारापेक्षा जास्त लागलं खरं सांगायचं तर. माझं फार तर एक नाव गेलं, तिचे हात थांबले.

म्हणून मी कायद्यात काय आहे ते नीट वाचून काढलं, कारण या सगळ्या भांडणांत लोक 'कॉपीराइट' हा शब्द वाट्टेल तसा वापरतात. मूळ तत्त्व जवळपास सगळ्या जगात सारखंच आहे, कॉपीराइट कल्पनेला नसतो, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतो. १९९४ च्या ट्रिप्स करारात, म्हणजे बौद्धिक संपदेच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, हे नवव्या कलमात सरळ लिहिलंय, की संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पना, पद्धती आणि प्रक्रिया यांना नाही. म्हणजे आपल्या भाषेत काय, तर 'क्रोशाचा हत्ती' ही कल्पना कुणाची नाही. टाके वाढवत आणि कमी करत गोल डोकं करायचं ही पद्धत कुणाची नाही. पण मी जो पॅटर्न लिहिला, राऊंड एक मध्ये सहा मुके खांब (क्रोशाचा साधा, आखूड टाका), राऊंड दोन मध्ये प्रत्येक टाक्यात दोन, असं करत करत शेवटपर्यंत, मध्ये मध्ये माझ्या सूचना, माझे काढलेले चार्ट, माझे फोटो, ते लिखाण आणि ते फोटो माझे. ते जसेच्या तसे उचलून स्वतःच्या नावाने छापणं, किंवा विकत घेतलेल्या पॅटर्नची पीडीएफ सगळ्यांना वाटत सुटणं, हे कुठल्याही देशात चालणार नाही. तयार झालेल्या वस्तूचं मात्र देशोदेशी वेगळं आहे, वापरायच्या वस्तूच्या आकाराला बऱ्याचदा कॉपीराइट लागू होत नाही, त्यासाठी डिझाइनची नोंदणी असते, तिचा खर्च असतो, आणि बऱ्याच ठिकाणी एकदा डिझाइन लोकांसमोर मांडलं की मग ते नवीन राहत नाही म्हणून नोंदवताही येत नाही. घरी बसून दोन हातांनी काम करणारं माणूस प्रत्येक बाहुलीसाठी हे कुठून करणार?

त्यात एक गैरसमज इतका पक्का बसलाय की तो सांगायलाच हवा. 'तीस टक्के बदललं की ते आपलं होतं.' कुणी वीस म्हणतं, कुणी तीस, मी पन्नाससुद्धा ऐकलंय. असा टक्क्यांचा नियमच नाहीये कॉपीराइटमध्ये. आणि साधा विचार करा, हत्तीचे तीस टक्के म्हणजे काय, सोंड? रंग बदलला आणि गळ्यात रिबीन बांधली की किती टक्के होतात? हा हिशेब मांडणाऱ्यालाही आतून माहीत असतं की आपण लपवायला जागा शोधतोय.

कायदा अपुरा पडतो तिथे काय करायचं याचं एक उदाहरण मला फार आवडतं, ओरिगामीचं. कागदाच्या घड्या समजावून सांगायला आज जगभर बाण आणि तुटक रेघा वापरतात, ती खुणांची पद्धत जपानच्या अकिरा योशिझावा यांनी बसवली, नंतर इतरांनी तिच्यात भर घातली, आणि ती सगळ्यांनी मोकळेपणाने वापरली म्हणूनच एका देशातलं पुस्तक भाषा न येताही दुसऱ्या देशातल्या मुलाला वापरता येतं. एवढं मोकळं जग आहे ते. पण त्याच जगात २०११ मध्ये रॉबर्ट लँग आणि आणखी पाच ओरिगामीकारांनी सारा मॉरिस या चित्रकर्तीवर खटला भरला. कागद पूर्ण उलगडल्यावर घड्यांच्या रेघांचं जे जाळं दिसतं, क्रीज पॅटर्न म्हणतात त्याला, ती जाळी घेऊन, रंग भरून, तिने मोठमोठी पेंटिंग्ज केली होती आणि मूळ कुणाची ते सांगितलंच नव्हतं. तिचं म्हणणं होतं की मी ते बदलून नवीन कलाकृती केली. २०१३ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि त्यात मुख्य गोष्ट काय ठरली तर त्या चित्रांसोबत मूळ घडी कुणाची त्याचं नाव द्यायचं. बघा, जे लोक आपल्या घड्या जगाला शिकवतात, पुस्तकं काढतात, त्यांनी चित्रं फाडून टाका असं म्हटलं नाही, नाव लावून घेतलं. मला वाटतं हस्तकला करणाऱ्या बहुतेकांना मनातून एवढंच हवं असतं.

आता यावर मला नेहमी विचारलं जातं की मग पैशाचं काय, नाव देऊन माझंच डिझाइन माझ्याच शेजारी बसून कुणी कमी किमतीला विकलं तर? प्रश्न खरा आहे आणि नाव लावलं की सगळं माफ असं मी म्हणत नाहीये. शिकण्यासाठी केलेली नक्कल, घरात ठेवण्यासाठी किंवा भाचीला देण्यासाठी केलेली नक्कल, आणि ऑर्डर घेऊन विकण्यासाठी केलेली नक्कल यात फरक आहेच. पहिल्या दोन ठिकाणी मी कुणाला अडवणार नाही, उलट कुठे अडलं तर सांगेन. तिसऱ्या ठिकाणी विचारायला हवं. विचारायला लाज वाटत असेल तर ती लाजच सांगते की आपण काय करतोय. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवलीये, ज्याचं डिझाइन आहे ते माणूस आत्ता माझ्या टेबलापाशी येऊन उभं राहिलं, तर मी ही वस्तू झाकून ठेवेन का? झाकावीशी वाटली तर ती विकायची नाही. बाकी कुठलाही नियम मला एवढा उपयोगी पडलेला नाही.

आणि डिझाइन करणाऱ्याचं काम म्हणजे नक्की काय असतं हेही लोकांना माहीत नसतं. त्या हत्तीचे कान मी दहा वेळा उसवले. पहिले कान एवढे जड झाले की डोकं पुढे पडायचं. मग पातळ लोकर घेतली तर ते गुंडाळले जायला लागले, मग कडेने अर्ध्या खांबांची एक ओळ घातली तर फार कडक झाले, शेवटी मुक्या खांबांची ओळ फक्त मागच्या धाग्यातून घातली तेव्हा कान बसले. बघणाऱ्याला दिसतात ते दोन कान. त्यामागचे उसवलेले दहा जोड कुणाला दिसत नाहीत, आणि नक्कल करणाऱ्याला ते दहा वाचतात. हे जे वाचतं ना, ते मी दिलेलं असतं. ते मी आनंदाने देते, पण ते कुणी दिलं हे पुसू नका.

हल्ली तर असे 'पॅटर्न' विकायला यायला लागलेत की ज्यांचं चित्र कॉम्प्युटरने तयार केलेलं असतं, ती बाहुली कधी कुणी विणलेलीच नसते. चित्रात जवळून बघितलं की टाके कुठून निघून कुठे जातात तेच कळत नाही, आणि लिहिलेले आकडे जुळत नाहीत. तिथे उसवलेले दहा जोड नसतातच, ते नवशिक्या माणसाला उसवावे लागतात, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. याबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळा लेख होईल.

हे सगळं टाळायचं तर काही शेअरच करू नये, असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं, भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विणून कितीतरी कुटुंबं जगली. फुलं, पानं, वेली असे सुटे नमुने करायचे आणि मग जाळीने जोडायचे. आणि त्यात काही घरं आपला खास नमुना बाहेर कुणाला दाखवायची नाहीत. त्यांना मी काय म्हणून नावं ठेवू? त्या एका फुलावर घरातली तोंडं अवलंबून होती. जिचं पोट कामावर आहे तिने आपला नमुना झाकून ठेवला तर तो तिचा हक्क आहे, तिने जगासाठी उदार व्हावं असं सांगायला मी कोण. पण झाकून ठेवलेल्या नमुन्याचं एक होतं, तो ज्या हातात आहे तो हात गेला की नमुनाही जातो, आणि शिकवलेला नमुना मात्र चुकतमाकत का होईना चालत राहतो. मला माझा हत्ती चालत राहिलेला हवाय. ही माझी निवड झाली, दुसरीवर मी ती लादणार नाही.

मात्र एका बाबतीत माझं मत अजिबात मऊ नाही. घरी बसून काम करणाऱ्या एकीने दुसरीचं बघून केलं आणि एखाद्या मोठ्या कंपनीने एखाद्या गावाचं उचलून छापलं, या दोन गोष्टींना एकाच शब्दाने मोजणं चुकीचं आहे. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या सांता मारिया त्लाहुइतोल्तेपेक गावचा पारंपरिक ब्लाउज पॅरिसच्या एका नामवंत डिझायनरच्या कपड्यांमध्ये जवळजवळ तसाच आला, गावाने जाहीर हरकत घेतली. त्यात आणखी एक फ्रेंच ब्रँड पुढे आला की हे डिझाइन तर आमचं आहे, आणि तेव्हा त्या डिझायनरला कोर्टात सांगावं लागलं की हे त्या गावचं आहे. म्हणजे नाव घेतलं गेलं, पण कधी, तर स्वतःला वाचवायची वेळ आल्यावर. पनामामधल्या गुना या आदिवासी समाजातल्या बायका कापडाचे थर एकावर एक ठेवून वरचे थर कापत आतले रंग बाहेर काढतात, त्याला मोला म्हणतात, कापलेल्या प्रत्येक कडेला इतके बारीक टाके असतात की लांबून दिसतच नाहीत. पनामाने २००० साली कायदा करून अशा नक्ष्यांवर त्या समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला. तरी २०१९ मध्ये बुटांच्या एका बड्या कंपनीने मोलाच्या नक्षीचा बूट जाहीर केला, आणि तोही पोर्तो रिको या दुसऱ्याच बेटाच्या नावाने. गुना लोकांनी आवाज उठवला तेव्हा कंपनीने तो बाजारात आणायचं रद्द केलं. इथे मला 'सगळेच एकमेकांकडून घेतात' हे वाक्य ऐकवू नका. वरच्या काकूंनी आईला केबल दिली तेव्हा आईने काकूंना जाळी दिली असेल, नसेल दिली तर संध्याकाळी बसून चार गप्पा मारल्या असतील. त्या बुटातून गुना बायकांकडे काय परत जाणार होतं? घेणारा जितका मोठा तितकं त्याच्याकडून जास्त मागायला हवं, नाव तर हवंच, परवानगीही हवी आणि पैशातला वाटाही हवा.

आपल्यासारख्या लहान लोकांनी काय करायचं ते त्यामानाने सोपं आहे, पण आपण ते करत नाही. 'इन्स्पायर्ड' असं लिहून सोडून देतात लोक. कशावरून इन्स्पायर्ड, कुणावरून? 'इंटरनेटवरून घेतलं' हेही नाव झालं नाही, इंटरनेट विणत नाही, कुणीतरी बाई किंवा बुवा विणतात. शोधून सापडलं नाही तर आईसारखं लिहा की नाव कळलं नाही. आणि देणाऱ्यांनीही जरा स्पष्ट राहावं असं मला वाटतं, कारण आपणच कधी कधी सगळं फुकट म्हणून देतो आणि मग मनात ठेवलेल्या अटी कुणी पाळल्या नाहीत म्हणून रुसतो. विकायला चालेल का, क्लासमध्ये शिकवायला चालेल का, भाषांतर करून द्यायला चालेल का, हे पॅटर्नच्या वरच, पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात लिहायचं. मी खाली लिहिलं होतं, सगळ्यात शेवटी, सोंडेच्या शिलाईनंतर. तिथपर्यंत कोण वाचतं.

हे मला कळलं ते त्या प्रदर्शनातल्या बाईंशी बोलल्यावर. त्या दिवशी मी बोलले नाही, हातपाय थरथरत होते माझे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पिशवीत माझा पहिला हत्ती घेऊन, आणि काही न बोलता तो त्यांच्या बारा हत्तींच्या शेजारी ठेवला. त्यांनी बघितलं, उचलला, चौदाव्या राऊंडवर अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, 'अहो, मला हा पॅटर्न मैत्रिणीने लिहून दिला, तिला तिच्या जावेने, नाव कुणाचं ते कुणीच सांगितलं नाही, मला वाटलं तिचाच असेल.' मग म्हणाल्या, 'पण ओरिजिनल लिहायला नको होतं, ते माझं चुकलं.' मी त्यांना कान कसे बसवले ते दाखवलं कारण त्यांचे कान गुंडाळले जात होते, आणि त्यांनी मला सोंडेत कापूस भरायची एक युक्ती दाखवली, हुकाच्या मागच्या टोकाने थोडा थोडा फिरवत भरायचा, म्हणजे गुठळी होत नाही. त्यांनी ते कार्ड काढून माझ्यासमोरच दुसरं लिहिलं. त्यावर माझं नाव आहे, आणि माझ्या पॅटर्नमध्ये आता सोंडेपाशी त्यांचं.

आईच्या वहीत नाव नसलेले सहा चौकोन आहेत. आई आता सुया धरत नाही, हात दुखतात, पण नमुना हातात दिला की बोटांनी चाचपून सांगते हा कुणाचा असेल ते. गेल्या महिन्यात आम्ही दोघी बसलो आणि त्यातल्या दोघांची नावं तिला आठवली, मी त्याच निळ्या रंगाचं पेन आणून खाली लिहिली. चार राहिलेत, आणि ट्रेनमधल्या त्या बाई.